परिचारिका झाली, पुढे काय?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांच्या भिंतीवर एक छायाचित्र हमखास आढळते. पांढऱ्या गणवेशातील मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात पेटता दिवा, आणि त्या रांगेत कुठेतरी आपल्या घरातील लेक. परिचर्येच्या शिक्षणातील शपथविधीच्या दिवशी ते काढलेले असते. त्या दिवशी आईबापांचे डोळे भरून येतात, फादर आशीर्वाद देतात, आत्या-मावश्या कौतुकाने मिठाई वाटतात. तीन-चार वर्षांनी शिक्षण संपते, परिषदेकडे नोंदणी होते. मग रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात ओळखीची माणसे त्या मुलीच्या आईला विचारू लागतात, "काय गं, लागली का कुठे?"

पहिल्या महिन्यात या प्रश्नाचे उत्तर हसून दिले जाते. सहाव्या महिन्यात ती आई दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडू लागते. मुलगी दहा रुग्णालयांत अर्ज देऊन आलेली असते, आणि बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालेले असते : अनुभव हवा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. कुठे सोय झालीच तर पगार इतका तुटपुंजा असतो की शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ताही त्यातून सुटत नाही. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "नर्सेस फार झाल्या. सगळ्याच मुली तिकडे गेल्या, मग नोकऱ्या कुठून येणार?"

हे म्हणणे वरवर पाहता पटते. परंतु त्याच घरातील कोणी आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, तर रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच सिस्टर धावताना दिसते. सलाईन संपल्याचे सांगायला नातेवाइकाला उठून जावे लागते. म्हणजे एकीकडे कामाविना बसलेली परिचारिका आणि दुसरीकडे परिचारिकेविना पडलेला रुग्ण, अशी दोन्ही दृश्ये एकाच गावात दिसतात. "नर्सेस फार झाल्या" हे उत्तर खरे असते, तर दुसरे दृश्य दिसलेच नसते. या कोड्याचा उलगडा करायचा तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल, आणि थोडे दूरही. कारण हे संकट आजचे नाही आणि आपल्या एकट्याचेही नाही. ते सर्वांत स्पष्टपणे नोंदले गेले ते अमेरिकेत, शंभर वर्षांपूर्वी.

शाळा की फुकटचे मनुष्यबळ?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा सुरू झाली. क्रिमियाच्या युद्धातील त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून लोकांनी उभारलेल्या निधीतून ती चालत असे. शाळेला स्वतःचा निधी होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८७३ साली याच धर्तीवर अमेरिकेत न्यूयॉर्क, न्यू हेवन व बोस्टन या तीन शहरांत शाळा निघाल्या. परंतु तेथे पुढे जे घडले ते वेगळे होते. शाळांचा स्वतंत्र निधी उभा राहिला नाही. त्या रुग्णालयांच्याच पोटात गेल्या.

रुग्णालयांच्या चालकांच्या ध्यानात एक गोष्ट लवकरच आली. शाळा काढली की वॉर्ड चालवायला माणसे मिळतात, तीही जवळजवळ फुकट. विद्यार्थिनीला राहायला खोली, दोन वेळचे जेवण, गणवेश आणि किरकोळ हातखर्च दिला की ती दिवसाचे दहा-बारा तास राबते. व्याख्याने रात्री, ती दमून आल्यावर. काही ठिकाणी तर विद्यार्थिनींना श्रीमंतांच्या घरी रुग्णसेवेसाठी पाठवीत, आणि त्याचे पैसे रुग्णालयाच्या खात्यात जमा होत.

मग शाळांचे पीक आले. १८७३ साली अमेरिकेत पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालये होती. १९०९ साली त्यांची संख्या चार हजारांवर गेली. परिचारिकांच्या शाळा १८८० साली १५ होत्या, १९०० साली ४३२ झाल्या आणि १९२६ साली त्यांनी एकवीसशेचा आकडा ओलांडला. त्यांपैकी कित्येक रुग्णालये इतकी लहान होती की तेथे शिकण्यासारखे फारसे काही नव्हते. तरीही शाळा होती, कारण शाळेवाचून वॉर्ड चालला नसता. आपल्या धर्मभगिनींनी चालविलेल्या रुग्णालयांतही हीच रीत होती. या व्यवस्थेत अनेक मुलींना उत्तम शिक्षण मिळाले, पुष्कळ रुग्णांचे प्राण वाचले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण व्यवस्थेचा पाया विद्यार्थिनीच्या श्रमावर होता, हेही खरे.

आता प्रश्न असा की तीन वर्षे पूर्ण झाल्यावर त्या मुलीचे काय होई? रुग्णालय तिला निरोपाचा समारंभ करून, छातीवर पदक लावून घरी पाठवी. तिची जागा घ्यायला नवीन तुकडी दाराशी उभीच असे. ज्या वॉर्डात तिने तीन वर्षे रात्री जागवल्या, त्या वॉर्डाला ती शिकून तयार झाल्याच्या दिवसापासून नकोशी होई. कारण आता तिला पगार द्यावा लागला असता.

म्हणून पदविकाधारक परिचारिका खाजगी घरांकडे वळत. रजिस्ट्री म्हणून कचेऱ्या असत. तेथे नाव नोंदवायचे आणि बोलावणे येण्याची वाट पाहायची. एखाद्या घरी विषमज्वराचा किंवा न्युमोनियाचा रुग्ण असला की परिचारिका त्या घरी राहायला जाई, बहुधा चोवीस तास. रुग्ण बरा झाला वा दगावला की काम संपले. पुन्हा रजिस्ट्री, पुन्हा प्रतीक्षा. आजारपणाच्या हंगामात बरी कमाई होई. उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे दूरध्वनी वाजत नसे.

एका गणितीबाईंचा अहवाल

शाळांची ही बेसुमार वाढ परिचर्या क्षेत्रातील जाणत्या स्त्रियांना अस्वस्थ करीत होती. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांनी लिहिलेला मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनीचे शिक्षण आणि रुग्णालयाची गरज या दोहोंत शिक्षणाचा नेहमी पराभव होतो, असा त्याचा सारांश होता. पुढे १९२६ साली शाळांची प्रतवारी ठरविण्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि तिच्या कामाची धुरा मे एअर्स बर्जेस यांच्याकडे आली. त्या परिचारिका नव्हत्या. संख्याशास्त्राच्या जाणकार होत्या. त्यामुळे त्यांनी भावनेला बाजूला ठेवून मोजणी केली.

१९२८ साली त्यांचा पहिला अहवाल आला. परिचारिका, रुग्ण आणि खिशातले पैसे, अशा तीन शब्दांत त्याचे नाव होते, आणि सगळे दुखणे त्या तीन शब्दांत आले होते. शाळा चालविणाऱ्या रुग्णालयांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णालयांत रुग्णाच्या खाटेपाशी काम करणारी एकही पदविकाधारक परिचारिका पगारावर नव्हती. सारा भार विद्यार्थिनींवर. शहरांत परिचारिकांची दाटी आणि खेड्यांत दुष्काळ. रुग्णांना सेवा हवी आहे, परंतु दिवसाचे पाच ते सात डॉलर देण्याची ऐपत थोड्यांचीच. परिचारिका आहेत, परंतु त्यांना वर्षभर काम नाही.

म्हणजे परिचारिका गरजेपेक्षा जास्त झाल्या होत्या असे नव्हे. त्यांना पगार देण्याची सोय जिथे हवी होती तिथे नव्हती. आम्हांला वाटते, या साऱ्या इतिहासाचे मर्म या एका निष्कर्षात आहे. रुग्णाला परिचारिका हवी असणे ही एक गोष्ट, आणि तिचा पगार कोणी देण्यास तयार असणे ही दुसरी. पहिली गोष्ट निसर्गाने ठरते. दुसरी माणसे ठरवितात.

मंदीचा फटका आणि सुटकेची वाट

अहवालाची शाई वाळते न वाळते तोच, १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. ज्या मध्यमवर्गीय घरांतून परिचारिकेला बोलावणे येई, त्या घरांत आता घरातलीच सून किंवा लेक रुग्णाच्या उशाशी बसू लागली. रजिस्ट्रीतील दूरध्वनी मुके झाले. त्याच वर्षी आणि त्यापुढच्या वर्षी शाळांतून हजारो मुली नव्याने बाहेर पडत होत्या. पुष्कळजणींनी केवळ राहायची खोली आणि जेवण एवढ्यावर रुग्णालयांत काम पत्करले. शिकत असताना जे मिळत होते तेच शिकल्यावरही, हातखर्च तेवढा वजा.

या अंधारातून वाट कशी निघाली, हे आपल्याला आज विशेष उपयोगाचे आहे. एकाच उपायाने ती निघाली नाही.

पहिला उपाय शाळांचा. निकृष्ट व लहान शाळा बंद करण्याचा आग्रह परिचारिकांच्या संघटनांनीच धरला. त्या दोन हजारांवरून १९४० पर्यंत तेराशेच्या आसपास आल्या. दुसरा उपाय कामाच्या तासांचा. बारा वा चोवीस तासांऐवजी आठ तासांची पाळी असावी, म्हणजे एकीचे काम दोघी-तिघींत वाटले जाईल, ही मागणी जोर धरू लागली. तिसरा उपाय सरकारचा. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मदत योजनांतून हजारो बेकार परिचारिकांना शाळांत, दवाखान्यांत, गोरगरिबांच्या वस्त्यांत काम मिळाले. आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने माता-बालकांच्या व सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी कायम स्वरूपाचा पैसा उपलब्ध झाला.

चौथा उपाय तर एका शाळामास्तरांच्या गोटातून आला म्हणावयास हरकत नाही. टेक्सासमधील डॅलस शहरी १९२९ साली जस्टिन किम्बॉल या गृहस्थांनी शिक्षकांसाठी एक योजना काढली. ते स्वतः पूर्वी शाळांचे अधीक्षक होते आणि तेव्हा बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाशी संबंधित कारभार पाहत होते. शिक्षकाने महिन्याला पन्नास सेंट भरायचे. आजारी पडल्यास वर्षाकाठी एकवीस दिवस रुग्णालयात विनाशुल्क राहता येईल. आपल्याकडील भिशीसारखा हा साधा हिशेब. त्यातूनच पुढे आरोग्यविम्याची मोठी चळवळ उभी राहिली. रुग्ण घरी न राहता रुग्णालयात येऊ लागला, आणि रुग्णालयाच्या हाती परिचारिकेला पगार देण्याइतका नियमित पैसा आला.

या सर्वांचा परिणाम असा झाला की रुग्णालयांनी हळूहळू शिकलेल्या परिचारिकांना पगारावर वॉर्डात ठेवण्यास सुरुवात केली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अशा परिचारिका देशभरात चार हजारांच्या आसपास होत्या. १९४१ च्या सुमारास त्यांची संख्या लाखावर गेली. यात रुग्णालयांचे मनपरिवर्तन झाले असे मानण्याचे कारण नाही. मंदीमुळे शिकलेली परिचारिका इतकी स्वस्त झाली होती की विद्यार्थिनीला सांभाळण्यापेक्षा तिला ठेवणे परवडू लागले. तिचा पगार अल्पच होता. तरी एकदा तिचे पाय वॉर्डात रोवले गेल्यावर तिच्याविना वॉर्ड चालत नाही, हे सर्वांना कळून चुकले.

आणि मग काळाने आपला खेळ दाखविला. जिथे १९३२ साली परिचारिका जेवणावर राबत होत्या, तिथे दुसरे महायुद्ध सुरू होताच परिचारिकांचा तुटवडा जाहीर झाला. १९४३ साली काँग्रेसच्या सदस्या फ्रान्सिस बोल्टन यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि कॅडेट नर्स कोअर या योजनेखाली सरकारी खर्चाने मुलींना शिक्षण मिळू लागले. त्यातून सुमारे सव्वा लाख परिचारिका तयार झाल्या.

याच काळातील एक प्रसंग तर डोळे उघडणारा आहे. १९४५ च्या जानेवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सैन्यासाठी परिचारिकांची सक्तीची भरती करावी असा प्रस्ताव मांडला, इतकी निकड होती. परंतु त्याच वेळी कृष्णवर्णीय प्रशिक्षित परिचारिका अर्ज हाती घेऊन उभ्या होत्या, आणि सैन्य त्यांना अगदी मोजक्या संख्येपलीकडे घेत नव्हते. नौदलाने तर तोवर एकीलाही घेतले नव्हते. मेबल स्टॉपर्स या कृष्णवर्णीय परिचारिका नेत्याने हा विरोधाभास लोकांपुढे मांडला. देशभरातून तारांचा पाऊस पडला आणि काही आठवड्यांतच ती दारे उघडली. गरज अफाट, शिकलेले हात समोर, तरी नोकरी नाही. असे का होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

बेटांवरील लेकी

अमेरिकेने ही परिचर्येची पद्धत आपल्या अमलाखालील एका कॅथलिक देशातही नेली होती. तो देश म्हणजे फिलिपिन्स. स्पेनकडून १८९८ साली ही बेटे अमेरिकेकडे आली. १९०६ साली इलोइलो येथे प्रॉटेस्टंट मिशनच्या रुग्णालयात, आणि १९०७ साली मनिला येथे सेंट पॉलच्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात परिचारिकांच्या शाळा निघाल्या. शिक्षण इंग्रजीत, अभ्यासक्रम अमेरिकन. साहजिकच पुढे १९४८ पासून अनुभव घेण्याच्या योजनेखाली आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर कायमच्या वास्तव्यासाठी फिलिपिनो परिचारिका हजारोंच्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागल्या. तिथल्या धर्मग्रामांतील घरे त्यांच्या पैशांतून उभी राहिली, भावंडांची शिक्षणे झाली. आपल्या ज्या घरांतील लेकी आखातात वा परदेशी गेल्या, त्यांना हे सांगायला नको.

या शतकाच्या आरंभी अमेरिका, ब्रिटन आणि सौदी अरेबियातून मागणी वाढली आणि फिलिपिन्समध्ये शाळांचे पुन्हा तसेच पीक आले, जसे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत आले होते. परिचर्येच्या महाविद्यालयांची संख्या साडेचारशेच्या पुढे गेली. डॉक्टर झालेली माणसे परदेशी जाण्यासाठी पुन्हा नर्सिंग शिकू लागली. आईबापांनी शेत विकले, गहाण टाकले, आणि मुलींना प्रवेश घेऊन दिले.

मग दारे मिटली. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालये तोट्यात गेली. तिथल्याच नव्या परिचारिकांना जागा मिळेनात, आणि २००६ साली सरकारने साधारण परिचारिकांना तुटवड्याच्या यादीतून काढले. त्याचा चटका फिलिपिनोंप्रमाणे भारतीय मुलींनाही बसला. अमेरिकेत व्हिसाची रांग लांबली, आणि २००८ ची मंदी आली. तिकडे निवृत्तीला आलेल्या परिचारिका घरखर्चासाठी कामावरच राहिल्या. फिलिपिन्समध्ये लाखांनी मोजाव्यात इतक्या नोंदणीकृत परिचारिका कामाविना उरल्या. कोणी कॉल सेंटरमध्ये गेल्या, कोणी दुकानांत विक्रेत्या झाल्या.

तिथे एक प्रथा रूढ झाली, ती ऐकून मन विषण्ण होते. अनुभवाचा दाखला हवा म्हणून नव्या परिचारिका रुग्णालयांत 'स्वयंसेविका' म्हणून पूर्ण पाळी करीत. पगार नाही, उलट काही रुग्णालयांना प्रशिक्षण शुल्क म्हणून त्यांनीच पैसे द्यायचे. अमेरिकेत विद्यार्थिनीच्या श्रमावर रुग्णालये चालत. इथे तर शिकून उत्तीर्ण झालेली मुलगी काम करण्याचे शुल्क भरीत होती. २००९ साली सरकारने सर्वांत गरीब अशा एक हजार नगरपालिकांत दहा हजार परिचारिकांना सहा महिन्यांसाठी आठ हजार पेसो मासिक भत्त्यावर पाठविण्याची योजना काढली. त्या योजनेने एक गोष्ट आपोआप सिद्ध झाली : ज्या देशात परिचारिका "फार झाल्या" होत्या, त्याच देशात हजार गावे त्यांची वाट पाहत होती.

आणि पुढे २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा त्याच सरकारने परिचारिकांनी परदेशी जाऊ नये म्हणून बंदी घातली. एके काळी ज्यांना घरी काम नव्हते, त्यांना आता घर सोडण्याची मनाई झाली. सरकारी परिचारिकेचे किमान वेतन २००२ च्या कायद्यात लिहिले गेले होते. त्यासाठी पैशाची तरतूद व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यावा लागला.

आपल्या दारात

हे सारे वाचून, 'ती दूरदेशची कथा' असे म्हणून आपल्याला पान उलटता येणार नाही. आपल्या इथल्या शाळाही रुग्णालयांच्या कुशीतच वाढल्या, आणि विद्यार्थिनीच्या पाळीवर वॉर्ड चालविण्याची रीत आपल्यालाही अपरिचित नाही. त्यात बाँडची भर पडली. शिक्षण संपल्यावर अमुक वर्षे त्याच रुग्णालयात कमी वेतनावर राहायचे आणि तोवर मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकलेली. या गोष्टीविरुद्ध २०११ व २०१२ साली मुंबई, दिल्ली आणि केरळ येथील खाजगी रुग्णालयांतील परिचारिका रस्त्यावर उतरल्या. त्यांत आपल्या समाजातील मुलींची संख्या थोडी नव्हती.

२०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला वीस हजारांहून कमी वेतन असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी त्या समितीची शिफारस. परंतु अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली, आणि शिफारस ही शिफारसच असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार साध्या वॉर्डात शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. वाचकांनी आपल्या नात्यातील कोणाला भेटायला रुग्णालयात गेल्यावर खाटा मोजाव्यात आणि परिचारिका मोजाव्यात. हा हिशेब करायला संख्याशास्त्र लागत नाही. तो जुळला असता तर आपल्या चर्चच्या आवारातील कित्येक आयांना दुसऱ्या दरवाजाने जावे लागले नसते.

कोविडच्या काळात मुंबईत मोठमोठी तात्पुरती केंद्रे उभी राहिली आणि नव्या परिचारिकांना तातडीने बोलावणे आले. अनुभवाची अट तेव्हा कोणी फारशी काढली नाही. लाट ओसरली, केंद्रे उठली, कंत्राटे संपली, आणि ज्यांच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजविल्या त्या पुन्हा अर्ज घेऊन फिरू लागल्या. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी संप केला, तो भरती बाहेरच्या कंत्राटदारांमार्फत करण्याच्या धोरणाविरुद्ध. काम कायमचे आणि माणूस तात्पुरता, ही रीत त्यांना मान्य नव्हती.

इतिहासाच्या या फेरफटक्यातून आम्हांला जे दिसले ते आम्ही आपल्यापुढे ठेवतो. नव्या परिचारिकेची बेकारी ही तिच्या नशिबाची वा गुणवत्तेची गोष्ट नाही, आणि बहुतेक वेळा ती परिचारिका जास्त झाल्याचीही गोष्ट नसते. शाळा शुल्कासाठी वा स्वस्त श्रमांसाठी वाढतात, रुग्णालये शिकलेल्या हातांना पगार देण्याचे टाळतात, आणि समाज हे पाहूनही विचारीत नाही. तेव्हा ती निर्माण होते. अमेरिकेत ती कमी झाली ती चार बाजूंनी प्रयत्न झाले म्हणून : निकृष्ट शाळा मिटल्या, पाळ्या लहान झाल्या, सरकारने सार्वजनिक आरोग्यासाठी पैसा काढला आणि सामान्य कुटुंबाच्या उपचाराचा खर्च वाटून घेण्याची सोय झाली. यांतील एकही गोष्ट मुलीच्या एकटीच्या हाती नव्हती.

काही गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. मुलीला प्रवेश घेण्यापूर्वी आईवडिलांनी तीन प्रश्न विचारावेत : या महाविद्यालयाला स्वतःचे, पुरेशा खाटांचे रुग्णालय आहे काय? गेल्या तीन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणी पगारावर काम करीत आहेत? मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहतील? उत्तरे टाळली गेली तर तेही एक उत्तरच समजावे.

आणि आपल्या संस्थांनाही एक विनंती करावीशी वाटते. कामगाराला त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होईल असे वेतन मिळावे, ही शिकवण पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली साऱ्या जगापुढे मांडली. आपल्या रुग्णालयांनी आणि विश्वस्तांनी ती आपल्या वॉर्डाच्या दारापासून सुरू करावी. दरवर्षी काही नव्या परिचारिकांना, अनुभव न मागता, अनुभवी सिस्टरच्या देखरेखीखाली पूर्ण पगारावर एक वर्ष ठेवून घेतले, तर 'अनुभव हवा' या अटीची गाठ निदान आपल्यापुरती सुटेल. खर्च होईल, हे खरे. पण त्या रात्री सलाईन संपल्याचे सांगायला रुग्णाच्या म्हाताऱ्या बापाला उठावे लागणार नाही.

तोवर, येत्या रविवारी चर्चच्या आवारात ती आई भेटली, तर "लागली का कुठे?" एवढेच विचारून पुढे जाऊ नये. तिच्या लेकीने कुठे कुठे अर्ज केले ते विचारावे, आपल्या ओळखीच्या रुग्णालयात तिच्यासाठी शब्द टाकावा, आणि तिथे खाटा किती व परिचारिका किती हेही जाता जाता विचारून यावे.